खुल्या दप्तराचा हक्क

पुण्यात काउन्सिल हॉलजवळ असलेली पेशवे दप्तराची इमारत १८९१ च्या सुमारास बांधून पुरी झाली, आणि मराठी राज्याच्या रोजकीर्दी, ताळेबंद, वतनांचे तंटे, मोहिमांवरील पत्रे व सनदा यांचे हजारो रुमाल तेथे शिस्तीने लागले. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी तो मजकूर मोडीत लिहिला होता, त्यांना तो उघडून वाचण्याची मुभा मिळणे पुढील जवळजवळ चाळीस वर्षे सर्वस्वी सरकारी मर्जीवर अवलंबून राहिले. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि या मंडळींनी गावोगावच्या वाड्यांतून व माळ्यांवरून कागद गोळा केले, याचे एक कारण हेही होते की, आपल्याच शहरातले सर्वांत मोठे दप्तर त्यांना बंद होते. अखेर १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कित्येक अध्याय नव्याने लिहावे लागले. मधल्या काळात ते कागद शाबूत होते, सुरक्षित होते; पण वाचणारे अगदी थोडे असल्यामुळे त्यांतल्या चुका फारशा कोणी काढल्या नाहीत आणि त्यांतले ज्ञान फारसे कोणाच्या उपयोगी पडले नाही.

हा प्रसंग येथे आठवण्याचे कारण असे की, गेल्या चार-पाच दशकांत मनुष्याच्या व्यवहाराचे फार मोठे दप्तर संगणकात गेले असून, त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात हा प्रश्न तितक्याच निकडीने उभा राहिला आहे. यंत्र सुरू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याच्या स्मृतीची, तबकडीची, पडद्याची, कळफलकाची आणि जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची व्यवस्था जी पायाभूत आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ही आज्ञावली मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत प्रथम लिहिली जाते, आणि नंतर तिचे यंत्रालाच उमजेल अशा आकड्यांत रूपांतर होते. पहिल्या रूपाला सोर्स कोड किंवा नुसता 'सोर्स' म्हणतात. बहुतेक व्यापारी कंपन्या गिऱ्हाइकाला केवळ दुसरे रूप विकतात आणि पहिले आपल्या ताब्यात ठेवतात; तेव्हा विकत घेणाऱ्याला यंत्र चालवण्याचा परवाना मिळतो, परंतु ते तसे का चालते हे पाहण्याचा अधिकार मिळत नाही.

आरंभी असे नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचा पाया घातला, तेव्हा त्यांची मालक कंपनी एटी अँड टी ही १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधली गेली होती आणि तिला संगणकाच्या व्यापारात पडण्याची मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स अल्प मोबदल्यात, सोर्ससकट, मिळत असे. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या अध्यापकाने १९७६ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या गाभ्याच्या सोर्सवर सविस्तर भाष्य लिहिले. पुढे परवान्याच्या अटी बदलल्या, वर्गात सोर्स शिकवण्यास मनाई झाली, आणि मग ते भाष्य छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरू लागले. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन व्यापाराची मोकळीक मिळताच युनिक्सची किंमत चढली आणि दारे मिटत गेली.

याच सुमारास, २७ सप्टेंबर १९८३ रोजी, रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना मुक्त असलेली 'ग्नू' ही प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. संकल्पापेक्षाही त्यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला परवाना मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवावी, तिचा सोर्स वाचून तीत बदल करावा, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्यात, आणि सुधारलेली प्रतही पुढे द्यावी, असे चार अधिकार तो परवाना देतो. आणि त्याबरोबर अशी अट घालतो की, जो कोणी ती आज्ञावली पुढे वाटेल त्याने हेच चारही अधिकार, सोर्ससह, घेणाऱ्याच्या पदरात घातले पाहिजेत. इनाम खालसा करण्याची वाटच या कलमाने बंद करून टाकली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि १९९२ मध्ये तिचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, त्याच परवान्याखाली आणले. ग्नूची साधने आणि लिनक्सचा कर्नल यांच्या मिलाफातून जी प्रणाली झाली, तिने पुण्याच्या इतिहासात प्रवेश केला तो काळ आता येतो.

पुण्याची भूमी तिच्यासाठी अगोदरच नांगरली गेली होती. १९८७ मध्ये अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक भारताला देण्याचे नाकारल्यानंतर, १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सी-डॅक, स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात जयंत नारळीकरांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. बँकांत रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर युनिक्सवर चालणारी यंत्रे आली, आणि युनिक्स येणाऱ्या तरुणाला नोकरी मिळते ही गोष्ट पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत पसरण्यास वेळ लागला नाही. १९९० मध्ये देशातील पहिल्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांपैकी एक पुण्याच्या वाट्याला आले. तेव्हा शिकण्याची भूक होती, शिकवणारे होते; नव्हती ती प्रत्येकाच्या घरात उघडून बसता येईल अशी युनिक्सची प्रत, कारण तिची किंमत व्यक्तीच्या आवाक्याबाहेर होती. घरगुती यंत्रांवर त्या काळी सर्रास जे चालत असे ते चोरून उतरवलेल्या प्रतींवर, आणि सुशिक्षित, नेकीने वागणाऱ्या कुटुंबांनाही त्यात काही गैर वाटेनासे झाले होते. मुक्त प्रणालीचा एक लाभ नैतिक आहे, तो हा की, ती वापरणाऱ्याला आणि मित्राला प्रत काढून देणाऱ्याला कोणाचाही गुन्हेगार व्हावे लागत नाही.

इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सार्वजनिक केले खरे, परंतु २८.८ किलोबिटांच्या मोडेमवर ६५० मेगाबाइटची एक तबकडी उतरवून घ्यावयाची तर दूरध्वनी न तुटता दोन अहोरात्रांहून अधिक काळ चालू राहावा लागला असता, आणि कॉलचा आकार भरता भरता गृहस्थ मेटाकुटीस आला असता. म्हणून लिनक्स पुण्यात पसरले ते प्रामुख्याने तबकड्यांनी. 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. एक अंक घेतला की त्या सीडीवरून दहा घरी लिनक्स चढत असे. पुढे २००४ मध्ये उबुंटू ही लिनक्स प्रणाली निघाल्यावर तिच्या निर्मात्यांकडून टपालखर्चसुद्धा न घेता घरपोच सीडी येत, आणि ही सोय २०११ पर्यंत चालू होती.

हे लिनक्स चढवणे, म्हणजे इन्स्टॉल करणे, हे त्या काळी एकट्यादुकट्याचे काम नव्हते. संगणकातील तबकडीवर आधीची प्रणाली आणि घरातील सर्वांच्या फायली असत. त्यांना धक्का न लावता तिचे विभाग पाडून नव्या प्रणालीला जागा काढावी लागे, आणि एक आकडा चुकला तर वडिलांचे हिशेब आणि बहिणीचा प्रबंध एकदमच नाहीसे होण्याची भीती असे. पडद्यावर चित्ररूप दिसावे म्हणून मॉनिटरच्या आडव्या-उभ्या आवर्तनांचे आकडे त्याच्या पुस्तिकेतून शोधून हाताने लिहावे लागत. ते फार चढे लिहिले तर जुन्या नळीचा मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा माहितीपत्रकांतच दिलेला असे. स्वस्त मोडेम बहुधा केवळ एकाच कंपनीच्या प्रणालीसाठी घडवलेले असत आणि लिनक्सवर मुके राहत. म्हणून मुले कॅबिनेट उचलून, रिक्षात किंवा स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून, जेथे चार जाणते बसलेले असत तेथे नेत, आणि दुपारभर डोकी एकत्र करून तोडगा काढत.

असे जाणते एकत्र येण्याचे पुण्यातील ठिकाण म्हणजे पुणे लिनक्स युजर्स ग्रुप. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे 'प्लग' म्हणत आले आहेत. मॉडेल कॉलनीतील आतुर सेंटरमध्ये असलेल्या सिंबायोसिसच्या संगणक अभ्यास व संशोधन संस्थेने या मंडळाला जागा दिली, आणि दोहोंच्या सहकार्याने 'ग्नूनिफाय' हा वार्षिक मेळावा तेथे भरू लागला. मंडळाला वर्गणीचे बंधन नाही, पदव्यांची अट नाही. विद्यार्थी, प्राध्यापक, कंपनीत काम करणारे अभियंते आणि निव्वळ कुतूहलाने आलेला एखादा निवृत्त गृहस्थ, सारे एकाच बाकावर. पुण्याला व्याख्यानमालांची आणि अभ्यासमंडळांची जुनी सवय आहे, पण व्याख्यान संपल्यावर श्रोता तेथेच व्यासपीठावरच्या वस्तूचे पोट उघडून पाहतो, हे मला या मंडळाचे विशेष वाटते.

आता ज्या विषयासाठी हा सारा इतिहास मला लिहावासा वाटला, त्याकडे वळतो; तो विषय मराठीचा आहे. संगणकावर देवनागरी आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीखेरीज काही न जाणणारे यंत्र भारतीय लिपी दाखवू लागे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली सिद्ध झाली, आणि युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीचा क्रम तिच्याच आधाराने बसवला. परंतु नारायण व सदाशिव पेठांतील छापखान्यांत प्रत्यक्षात जे चालले ते निराळेच होते. प्रत्येक विक्रेत्याच्या टंकाचा, म्हणजे फाँटचा, संकेत वेगळा आणि गुप्त असल्यामुळे एका टंकात जुळवलेला दिवाळी अंक दुसऱ्या टंकात उघडला की अक्षरांचा चुराडा होई. लेखकाची तबकडी शेजारच्या छापखान्यात चालत नसे, आणि टंकाचे कुलूप उघडणारी चिप हरवली तर आपलाच मजकूर आपल्याला परका होई. बंद दप्तराची यातना मराठी प्रकाशकांनी अशी वर्षानुवर्षे सोसली आहे.

मुक्त प्रणालीने येथे काय केले ते एका अक्षराच्या उदाहरणाने दाखवतो. 'र'चे जोडाक्षर मराठी दोन रीतींनी लिहिते: 'आचार्यांना' या शब्दात रफार वर चढतो, आणि 'आचाऱ्यांना' या शब्दात तो बारीक आडव्या वळणाने पुढील 'य'ला जाऊन मिळतो, पहिल्यात गुरुजनांना नमस्कार होतो आणि दुसऱ्यात स्वयंपाक्यांना निरोप जातो. हिंदीला या दुसऱ्या वळणाची गरज नाही, म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालणाऱ्या आज्ञावलीत ते वळण सहज राहून जाते. तसेच 'ल' आणि 'श' यांचे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे, आणि महाराष्ट्र शासनानेही २००९ च्या नोव्हेंबरमधील निर्णयाने तीच ग्राह्य ठरवली. ज्या प्रणालीचा सोर्स बंद आहे तीत असा दोष दिसला, तर मराठी माणसाने अर्ज करावा आणि दूरदेशीच्या दिवाणखान्यात त्या अर्जावर शेरा पडेपर्यंत वाट पाहावी, याखेरीज गत्यंतर नसते; आणि ती कंपनी दुष्ट नसली तरी तिच्या जमाखर्चात या एका वळणाला मोल नसते.

लिनक्सवर मात्र दोष जाहीरपणे नोंदवला जाई, आज्ञावलीतील नेमकी ओळ कोणालाही पाहता येई, आणि दुरुस्तीचा तुकडा, ज्याला 'पॅच' म्हणतात, कोणीही पाठवू शके. काम मुळीच सोपे नव्हते, कारण त्या वेळी ग्नोम, केडीई आणि ओपनऑफिस या मुक्त आज्ञावलींच्या अक्षरजुळणीच्या यंत्रणा एकमेकींपासून निराळ्या होत्या आणि एकच दोष तीन ठिकाणी निस्तरावा लागे. कालांतराने 'हार्फबझ' या एकाच मुक्त यंत्रणेने बहुतेक सर्वांचे काम आपल्याकडे घेतले. लिनक्सचा व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट कंपनीने पुण्यात आपले केंद्र उघडले, आणि भारतीय भाषांचे पुष्कळसे काम तेथे होऊ लागले. २००४ मध्ये तिने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली सर्वांस दिले, आणि २०११ मध्ये त्यांना टंकांसाठी खास असलेला अधिक सुटसुटीत मुक्त परवाना मिळाला. त्यांत मराठीसाठी स्वतंत्र टंक होता. पुढे देवनागरीचे निरनिराळे टंक एकत्र करण्यात आले, तेव्हा भाषा मराठी असल्यास मराठीची रूपे आपोआप उमटावीत अशी तजवीज ठेवण्यात आली. मेनूतले शब्द, संवादपट्ट्या, सूचना यांचे मराठीकरण करणारे स्वयंसेवक पुण्यामुंबईत आणि बाहेरगावीही होते, आणि वारंवार येणाऱ्या शब्दांत एकवाक्यता असावी म्हणून २००८ मध्ये 'फ्युएल' हा प्रकल्प पुण्यातूनच निघाला. या मंडळींची नावे कोणत्याही पाटीवर कोरलेली नाहीत, आणि तरीही मराठी मजकूर लिनक्सच्या पडद्यावर नीट उमटतो तो त्यांच्या रात्रींच्या जागरणामुळे.

या काळातील पुण्याचा आत्मविश्वास पाहावयाचा असेल तर २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात भरलेली फेडोरा या लिनक्स प्रणालीची परिषद आठवावी. १८५४ मध्ये सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम नोकर पुरवण्याच्या हेतूने निघालेल्या त्या संस्थेत, जगभरच्या आज्ञावलीकारांच्या पंगतीला तेथील विद्यार्थी बसले, आणि नुसते श्रोते म्हणून बसले नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये तीच परिषद कोथरूडला एमआयटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पुन्हा भरली.

विज्ञानाच्या क्षेत्रात तर हा प्रश्न निकाली निघाल्यासारखाच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या सर्वांकडून येणाऱ्या लहरींचा परस्परांशी गुणाकार करण्याचे काम पूर्वी खास घडवलेल्या विद्युन्मंडलांकडे होते, ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या आणि लिनक्सच्या साहाय्याने करणारी यंत्रणा शास्त्रज्ञांनी तयार केली व २०१० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मंडल बदलावयाचे तर महिने लागतात. आज्ञावली दुपारी बदलून रात्रीच्या निरीक्षणाला लावता येते. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील 'परम ब्रह्म' आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वे स्थान मिळवलेला सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हे लिनक्सवरच चालतात. किंबहुना २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सचेच आहेत. आणि ज्याला आपण लिनक्स कधी पाहिलेही नाही असे वाटते, त्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा कर्नलही तोच असतो.

मग पुण्याच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि दुकानांत ही प्रणाली विरळ का, असे कोणी विचारील. जमाखर्चाची लोकप्रिय आज्ञावली तिच्यावर सरळ चालत नाही, छापखान्याची काही साधने तिच्यासाठी निघालेली नाहीत, काही प्रिंटर अजूनही हट्ट करतात. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून प्रचार करणे मला मंजूर नाही. परंतु मोठे कारण सवयीचे आहे. राज्यात संगणक-साक्षरता वाढली ती एका कंपनीच्या उत्पादनांची ओळख म्हणजेच संगणकाची ओळख, अशा समजुतीने. अक्षरओळख करून देताना एकाच प्रकाशकाची पुस्तके वाचावयास शिकवावे, तसे ते झाले. केंद्र सरकारने २०१५ च्या मार्चमध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्येच डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पायावर 'बॉस' ही भारतीय भाषांची प्रणाली दिली होती, आणि तरीही निविदांतील मजकूर पुष्कळदा जुन्याच वळणाचा राहिला. पुण्यातल्या उद्योगानेही या सार्वजनिक ठेव्यावर अमाप कमाई केली. परत ठेवले ते त्या मानाने थोडे.

पैशाची बचत हा या प्रणालीचा लाभ मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो खरा असला तरी गौण आहे. प्रत्येक यंत्रामागे परवान्याची रक्कम वाचते, जुन्या यंत्राचे आयुष्य वाढते, आणि कंपनीने आधार काढून घेतला म्हणून चालते यंत्र मोडीत काढावे लागत नाही. हे सर्व लहान शाळेला आणि पेठेतल्या वाचनालयाला मोलाचे आहे. पण ज्या दिवशी मराठीच्या वळणात एखादी चूक सापडली आणि ती आपली आपण दुरुस्त करून जगाला परत देता आली, त्या दिवशी मिळालेला हक्क रुपयांत मोजता येत नाही.

विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि शाळांतील व संस्थांतील असंख्य धडधाकट यंत्रे केवळ त्या कारणाने अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. ज्यांच्या अखत्यारात अशी यंत्रे असतील त्यांना माझी विनंती आहे की, ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्यांतल्या एकावर डेबियन, उबुंटू, फेडोरा किंवा बॉस यांपैकी कोणतीही एक प्रणाली चढवून पाहावी, भाषा निवडताना मराठी निवडावी, आणि पडद्यावरचा जो मराठी शब्द चुकीचा किंवा बोजड वाटेल त्याची दुरुस्ती त्या प्रकल्पाला लिहून पाठवावी.